सोपारा : पश्चिम समुद्राचे प्राचीन महाद्वार

भूमध्य समुद्राच्या काठावरील अलेक्झांड्रियासारखी प्राचीन बंदरे पाहण्याची अनेकांना ओढ असते. त्या बंदराशी ज्याचा व्यापारी संबंध होता असे एक नगर मुंबईच्या लोकलमार्गावर आहे, याची जाणीव मात्र थोड्यांनाच असते. पालघर जिल्ह्यातील नालासोपारा म्हणजेच प्राचीन शूर्पारक. इ.स.च्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथात त्याचा उल्लेख 'सुप्पारा' असा आहे. नैऋत्य मोसमी वाऱ्यांच्या साहाय्याने तांबड्या समुद्रातून निघालेली गलबते या किनाऱ्यास लागत व हिवाळ्यातील उलट्या वाऱ्यांवर माघारी जात.

पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी 1882 मध्ये येथील 'बुरुड राजाचा कोट' या टेकाडाचे उत्खनन केले, तेव्हा तो बौद्ध स्तूप असल्याचे सिद्ध झाले. आतील दगडी पेटीत तांबे, चांदी, दगड, स्फटिक आणि सोने यांचे एकात एक ठेवलेले करंडक होते. अगदी आतल्या सुवर्णकरंडकात भिक्षापात्राचे मानलेले मातीचे तुकडे मिळाले. सोबत यज्ञ सातकर्णी या सातवाहन राजाचे चांदीचे नाणेही सापडले. त्यावर राजाची मुखप्रतिमा आहे. ही पद्धत ग्रीक नाण्यांवरून पश्चिम क्षत्रपांमार्फत येथे रुजली. व्यापाराबरोबर कल्पनाही कशा प्रवास करतात, याचा हा बोलका पुरावा होय.

त्याच वर्षी सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा येथे मिळाला. नवव्या लेखाचा तुकडा 1956 मध्ये जवळच्या भुईगावी सापडला. आठव्या लेखाचा विषय प्रवास हाच आहे : पूर्वीचे राजे शिकारीसाठी विहारयात्रा करीत, अशोकाने त्याऐवजी धर्मयात्रा आरंभिली.

कालांतराने खाडी गाळाने भरली, गलबते दुरावली आणि बंदराचे वैभव ओसरले. आज स्तूपाभोवती दाट वस्ती आहे. त्यामुळे भूमीत अजून दडलेल्या अवशेषांचे भवितव्य स्थानिकांच्या जागरूकतेवरच अवलंबून आहे.

नालासोपारा स्थानकाच्या पश्चिमेस उतरून रिक्षाने स्तूपापर्यंत जाता येते. करंडक मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहात असून शिलालेख छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहेत. संग्रहालय आधी पाहून मग स्तूपाकडे गेल्यास मातीचे ते टेकाड अधिक अर्थपूर्ण वाटेल.