तलावाच्या फिल्टरचे कार्ट्रिज : आधी तेल काढा, मग क्षार

लोणावळा, कर्जत, अलिबाग या बाजूला बंगले आणि फार्म हाऊस भाड्याने देण्याचा धंदा आता चांगलाच पसरला आहे. बंगल्यात पोहण्याचा तलाव असला की गिऱ्हाईक लवकर मिळते. लहान तलावांना पुष्कळ ठिकाणी वाळूच्या फिल्टरऐवजी कार्ट्रिज फिल्टर बसवलेला असतो. वाळूचा फिल्टर उलट्या धारेने धुताना शेकडो लिटर पाणी वाया जाते. कार्ट्रिजला तेवढे पाणी लागत नाही. मात्र कार्ट्रिज काळे पडले की माळी ते ताराच्या ब्रशने घासतो किंवा सरळ अ‍ॅसिडमध्ये बुडवतो. मग चांगला माल वेळेआधी फेकावा लागतो आणि मालकाच्या खिशाला चाट बसते. कार्ट्रिज म्हणजे शेवटी कापडच. म्हणून आम्ही कापडवाल्याच्या नजरेने ही माहिती देत आहोत.

कापड कोणते?

या कापडात ताणा-बाणा नसतो. पॉलिस्टरचे बारीक तंतू पसरून उष्णतेने आणि दाबाने एकमेकांना चिकटवलेले असतात. त्याच्या चुण्या घालून ते एका जाळीदार नळीभोवती बसवतात. चुण्यांमुळे थोड्या जागेत पुष्कळ कापड मावते आणि पाणी गाळायला जास्त जागा मिळते. विणलेल्या कापडासारखी याला घासाघीस सोसत नाही. कडक ब्रश किंवा गाडी धुण्याचा जोरदार पंप लावला तर तंतू सुटतात, कापडावर लव येते आणि मळ आरपार जाऊ लागतो.

कधी धुवावे?

फिल्टरच्या टाकीवर दाबाचा काटा असतो. कार्ट्रिज स्वच्छ असताना तो किती दाखवतो, ते भिंतीवर लिहून ठेवावे. त्यापेक्षा ८ ते १० पौंड दाब वाढला की धुण्याची वेळ झाली असे समजावे. म्हणजे स्वच्छ असताना १२ असेल, तर २० ते २२ झाल्यावर धुवावे. उगाच रोज धुतल्याने कापड झिजते.

साधी धुलाई

प्रथम पंप बंद करून बटणही बंद करावे. वरची हवेची चावी उघडून काटा शून्यावर येऊ द्यावा. दाब असताना झाकण उघडले तर ते उडून तोंडावर बसते. कार्ट्रिज काढल्यावर बागेच्या नळीची धार तिरकी धरून वरून खाली, एकेक चुणी उघडत धुवावे. समोरून सरळ धार मारल्यास मळ आणखी आत घुसतो. मग उन्हात वाळवून चुण्यांतली राहिलेली धूळ मऊ ब्रशने झटकावी.

दोन मळ, दोन औषधे

नुसत्या पाण्याने न निघणारा मळ दोन प्रकारचा असतो. एक तेलाचा : डोक्याचे खोबरेल, अंगाचा घाम, उन्हाची मलमे. दुसरा क्षाराचा : बोअरच्या जड पाण्यातला चुना आणि काही जातींच्या क्लोरीन पावडरीतून येणारा चुना.

तेलासाठी २० लिटर पाण्यात एक मोठा कप ट्रायसोडियम फॉस्फेट विरघळवावे. प्रोसेस हाऊसला माल देणाऱ्या केमिकलच्या दुकानात ते मिळते. कार्ट्रिज त्यात रात्रभर बुडवून ठेवावे आणि सकाळी भरपूर पाण्याने धुवावे. कपड्यांची फेसाळ पावडर वापरू नये, नाहीतर तलावात फेस होतो. गरम कॉस्टिक सोडा तर मुळीच नको. सुरतेच्या प्रोसेस हाऊसमध्ये पॉलिस्टर मऊ करण्यासाठी त्याच कॉस्टिकने तंतू मुद्दाम झिजवतात. तेच काम तो तुमच्या फिल्टरवर करील.

यानंतरही पांढरट, खरखरीत थर दिसला तरच अ‍ॅसिड घ्यावे. हा क्रम उलटा करू नये. तेल असताना अ‍ॅसिड लावले तर चिकटा तंतूंत पक्का बसतो आणि कार्ट्रिज बहुधा कायमचे बाद होते. कोऱ्या कापडातली कांजी आणि चिकटा आधी निघाला नाही तर पुढचा रंग बिघडतो, हे आपल्या रंगारी बांधवांना वेगळे सांगायला नको. नियम तोच आहे.

अ‍ॅसिड जपून

प्लास्टिकच्या टबात २० लिटर पाणी आधी घ्यावे आणि त्यात १ लिटर हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड हळूहळू ओतावे. अ‍ॅसिडमध्ये पाणी कधीही ओतू नये. कार्ट्रिज बुडवल्यावर बुडबुडे येतात. ते थांबले की बाहेर काढून खळखळून धुवावे. हे काम उघड्यावर, रबरी हातमोजे आणि चष्मा घालून करावे. क्लोरीन पावडर किंवा ब्लीच जवळपासही ठेवू नये. अ‍ॅसिडशी त्यांचा संयोग झाला तर विषारी क्लोरीन वायू निघतो आणि माणसाच्या जिवावर बेतते. उरलेले पाणी धुण्याच्या सोड्याने मारल्याशिवाय टाकू नये, आणि विहिरीजवळ तर टाकूच नये.

हार्डवेअरच्या दुकानदारांनीही ध्यानात ठेवावे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या आदेशानुसार अ‍ॅसिड विकताना रजिस्टरात नोंद, गिऱ्हाइकाचे फोटो ओळखपत्र आणि खरेदीचे कारण लागते. १८ वर्षांखालील व्यक्तीला ते विकता येत नाही.

कधी बदलावे?

कापड फाटले, चुण्या चपट्या होऊन चिकटल्या, टोकाच्या टोप्यांना तडे गेले किंवा धुतल्यावरही काटा खाली येत नसेल, तर कार्ट्रिज बदलावे. नीट वापरले तर ते साधारण दोन-तीन वर्षे टिकते. झाकणाच्या रबरी रिंगला सिलिकॉन ग्रीस लावावे. गाडीच्या ग्रीसने रबर फुगते.

ज्यांचा बंगला भाड्याने जातो त्यांनी कार्ट्रिजची जोडी ठेवावी. एक रात्रभर भिजत असताना दुसरे चालू राहते आणि गिऱ्हाईक असतानाही तलाव बंद पडत नाही. आणि धुण्याचे काम माळ्यावर सोपवण्यापूर्वी त्याच्या हातात मोजे द्यावेत, क्रम तोंडी समजावून सांगावा. कार्ट्रिज नवीन आणता येते, त्याचे डोळे नाही.