पाळीव कुत्र्याची अक्कल

कुत्रा पाळणाऱ्या गृहस्थाकडे सांगण्यासारख्या हकिगती दोनच जातींच्या असतात. एका जातीच्या हकिगतीत त्याचा मोत्या नामांकित वकिलाच्या वरताण ठरतो. दुसऱ्या जातीच्या हकिगतीत तोच मोत्या असा काही बावळटपणा करतो की, ऐकणाऱ्याची हसून मुरकुंडी वळावी. धन्याच्या सायकलची घंटा शंभर घंटांतून ओळखणारा हा प्राणी, साखळी खाटेच्या पायाला गुंडाळली गेली म्हणजे उलट एक फेरी मारून मोकळा होत नाही. तिथेच बसून केविलवाणा विव्हळतो. दोन्ही हकिगती आम्ही खऱ्या धरून चालतो. परंतु एकाच टाळक्यात हे दोन्ही गुण नांदतात कसे, याचा उलगडा हकिगत सांगणारा गृहस्थ सहसा करीत नाही. तो करण्याचा यत्न गेल्या सव्वाशे वर्षांत अनेक शास्त्रज्ञांनी केला आहे, आणि त्यांचे काही प्रयोग इतके साधे आहेत की, आपल्यापैकी कोणालाही ते घरच्या ओसरीवर करून पाहता येतील.

हुशारीची बाजू आधी घेऊ. जर्मनीतील रिको नावाच्या बॉर्डर कॉली जातीच्या कुत्र्याला सुमारे २०० वस्तूंची नावे येत असत. २००४ साली त्याच्यावरील प्रयोगांचा वृत्तांत प्रसिद्ध झाला. त्यात मौजेचा भाग असा की, ओळखीच्या वस्तूंत एक अनोळखी वस्तू ठेवून रिकोला कधीही न ऐकलेले नाव सांगितले, तर तो बहुतेक वेळा ती अनोळखी वस्तूच उचलून आणी. बाकीच्यांना आपापली नावे आहेत, तेव्हा हे नवे नाव या नव्या वस्तूचेच असले पाहिजे, असा तर्क लहान मूल करते; तो कुत्र्यानेही केल्यासारखा दिसला. पुढे २०११ मध्ये अमेरिकेतील जॉन पिली या निवृत्त प्राध्यापकांनी आपल्या चेसर नावाच्या कुत्रीचा वृत्तांत दिला. तिला तीन वर्षांच्या शिकवणीने १,०२२ खेळण्यांची नावे ओळखता येऊ लागली होती. त्यात शंभरावर नुसते चेंडूच होते, आणि प्रत्येक चेंडूचे नाव निराळे!

येथे शंकेखोर श्रोता विचारील की, धन्याच्या डोळ्यांच्या हालचालीवरून कुत्रा ताडत नसेल कशावरून? शंका अगदी रास्त आहे. बर्लिनमध्ये विसाव्या शतकाच्या आरंभी हान्स नावाचा एक घोडा बेरजा-वजाबाक्या करून टापांनी उत्तरे देत असे. मोठमोठे लोक चकित झाले. शेवटी ओस्कर फुंग्स्ट यांनी १९०७ साली दाखवून दिले की, विचारणाऱ्याला स्वतःला उत्तर माहीत नसले म्हणजे घोड्यालाही ते येत नाही. बरोबर आकडा येताच माणसाच्या मानेची नकळत जी किंचित हालचाल होई, ती पाहून घोडा थांबत असे. हा धडा लक्षात ठेवूनच रिकोच्या वेळी वस्तू दुसऱ्या खोलीत मांडल्या होत्या. तेथे पाहायला कोणाचा चेहराच नव्हता.

तथापि रिको आणि चेसर ही शंभरांत एखादी निघणारी रत्ने. आमच्या मते खरा चमत्कार याहून साधा आहे, आणि तो गल्लीतल्या मोत्यापाशीही असतो. दोन वाट्या पालथ्या घाला, एकीखाली भाकरीचा तुकडा ठेवा, आणि कुत्र्याला नुसते बोट दाखवा. तो बोटाच्या रोखाने जातो. यात काय मोठेसे, असे वाटेल. पण याच परीक्षेत आपला जवळचा नातलग जो चिंपांझी, तो पुष्कळदा नापास होतो. माणसांनी हातावर वाढवलेले लांडगेही येथे सामान्यतः कुत्र्यांच्या मागेच राहिले. आणि कुत्र्याची काही आठवड्यांची पिले मात्र फारशी न शिकवता ते करतात, असे २००२ साली ब्रायन हेअर आणि त्यांच्या सहकाऱ्यांना आढळले. बोट पाहायचे नसते, बोट जिकडे दाखवते तिकडे पाहायचे असते, ही गोष्ट कुत्र्याच्या रक्तात फार पूर्वी मुरली असावी. जर्मनीत बॉनजवळ ओबरकासेल येथे १९१४ साली एका पुरुषाच्या आणि एका स्त्रीच्या सांगाड्यांबरोबर पुरलेल्या कुत्र्याचे अवशेष सापडले. ते सुमारे १४,००० वर्षांपूर्वीचे आहेत. त्याच्या दातांवरून दिसते की, ते पिलू मरण्यापूर्वी बरेच आठवडे आजारी होते. म्हणजे शिकारीच्या कामाला निरुपयोगी असताना कोणीतरी त्याला खाऊपिऊ घालीत होते. आपला आणि त्याचा संबंध इतका जुना आहे.

आता वेडेपणाकडे वळू. ब्रिस्टलचे लॉइड मॉर्गन यांचा टोनी नावाचा फॉक्स टेरियर डोक्याने फाटकाची कडी वर उचलून रस्त्यावर जात असे. पाहणाऱ्याने म्हणावे, काय विलक्षण बुद्धी! पण मॉर्गन यांनी तो हे शिकला कसा, तेही खिडकीतून पाहिले होते. टोनी रस्त्यावरची मजा पाहण्यासाठी गजांतून कुठेही डोके घाली. एकदा ते सहज कडीखाली आले, कडी उचलली गेली, फाटक उघडले. त्यानंतरही तो चुकीच्या गजांत डोके घालीतच राहिला, आणि नेमक्या जागी जाण्यास त्याला जवळजवळ तीन आठवडे लागले. कडी म्हणजे काय हे त्याला उमजले नव्हते. कुठे डोके घातले की बाहेर जाता येते, इतकेच साधले होते. मॉर्गन यांनी १८९४ च्या आपल्या ग्रंथात जो दंडक घातला, तो आजही पाळला जातो: साध्या कारणाने काम भागत असेल तर जनावराच्या पदरी मोठी बुद्धी बांधू नये.

दोरीचा प्रयोगही असाच. बिस्किटाला दोरी बांधून ते जाळीपलीकडे ठेवले, तर सरळ दोरी कुत्रा ओढतो. दोरी तिरपी ठेवली की मात्र तो पुष्कळदा दोरी सोडून बिस्किटाच्या समोरच पंजा मारीत बसतो. दोरी बिस्किटाला ‘जोडलेली’ आहे, ही कल्पना त्याच्या डोक्यात शिरत नाही. खाटेच्या पायाचे कोडे येथे सुटते. परंतु बुडापेस्टच्या संशोधकांनी त्याला पुस्तीही जोडली आहे. इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराच्या कुंपणापलीकडे खाऊ ठेवला असता कुत्रे घोटाळतात. मात्र एखादा माणूस वळसा घालून जाताना एकदोनदा पाहिला की तेही झटकन वळसा घालतात. स्वतः शोधायचे त्यांना जड जाते, माणसाकडून उचलायचे सोपे.

याच संशोधकांपैकी काहींनी २००३ मध्ये लांडगा आणि कुत्रा यांच्यापुढे न उघडणारा खाऊचा डबा ठेवला. लांडगा झटत राहिला. कुत्र्याने थोडी खटपट केली, आणि मग मान वळवून धन्याच्या तोंडाकडे पाहिले. याला मूर्खपणा म्हणावे की शहाणपण? घरात राहणाऱ्या प्राण्याला डबा उघडण्याचे उत्तम हत्यार म्हणजे धन्याचा हात. ते वापरणे आम्हाला तरी गैर वाटत नाही. पण या भरवशाला दुसरी बाजूही आहे. २००९ च्या एका प्रयोगात माणसाने कुत्र्याला हाक मारून, त्याच्या डोळ्यांत पाहून, चेंडू वारंवार पहिल्या आडोशामागे लपवला. नंतर त्याच्या देखत दुसऱ्यामागे. कुत्रा पुष्कळदा पहिल्याकडेच गेला. दहा महिन्यांचे तान्हे मूलही हीच चूक करते. लांडग्यांनी ती केली नाही. माणूस जेव्हा हाक न मारता, नजर न देता लपवी, तेव्हा कुत्र्याची चूकही कमी होई. म्हणजे स्वतःच्या डोळ्यांपेक्षा माणसाच्या शिकवणीवर त्याचा विश्वास अधिक!

हे सारे गमतीचे झाले. ज्या ठिकाणी गंमत संपते ते आता सांगितले पाहिजे. संध्याकाळी घरी यावे, चपलेच्या चिंध्या झालेल्या दिसाव्यात, आणि मोत्याने कान पाडून, शेपूट पायांत घालून कोपऱ्यात बसावे. गृहस्थ म्हणतो, “बघा, याला आपला गुन्हा कळतो आहे!” आणि काठी उचलतो. अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ साली हा ‘गुन्हा’ तपासला. धन्याने बिस्कीट खाऊ नको म्हणून बजावून बाहेर जायचे. मागे कधी कुत्र्याने ते खायचे, कधी प्रयोग करणाराने ते उचलून न्यायचे. आणि परत आलेल्या धन्याला कधी खरे, कधी खोटे सांगायचे. अपराधी चेहऱ्याचा अपराधाशी संबंधच लागला नाही. धनी रागावला की चेहरा पडे. इतकेच नव्हे, तर बिस्कीट न खाता बोलणी खाणाऱ्या कुत्र्यांचा चेहरा सर्वांत अधिक पडला.

मोत्याला जे कळते ते एवढेच की, धनी दारात आणि चिंध्या जमिनीवर, अशी दोन्ही एके ठिकाणी आली की मार बसतो. चिंध्या आपण दुपारी केल्या, याची सांगड त्याच्या मनात बसत नाही. मग अशा माराचे फळ काय? चपला फाटायच्या थांबत नाहीत. कारण दिवसभर एकटे कोंडून ठेवल्याचा कंटाळा आणि भीती तशीच राहते. वाढते ती धन्याच्या पावलांची धास्ती. धास्तावलेला कुत्रा आधी लपतो, मग गुरगुरतो, आणि एखादे दिवशी घरच्या पोराला चावतो. ‘माजला’ म्हणून त्याला गाडीत घालून गावाबाहेर सोडून देतात. गळ्यात पट्ट्याचा वण असलेले असे कुत्रे प्रत्येक शहराच्या वेशीवर हिंडताना दिसतात, आणि दर नव्या माणसाच्या तोंडाकडे पाहतात. वस्तुतः कुत्र्याला शिकवायचे तर शाबासकीचा तुकडा कृती होताच, दोनचार क्षणांच्या आत द्यावा लागतो. नासधूस चालू असताना पकडता आले तर चप्पल काढून घेऊन हाडूक पुढे करावे. आणि तासाभराने ध्यानात आले तर मुकाट्याने केर काढावा.

परीक्षांविषयी एक गोष्ट राहिली. आरशातले प्रतिबिंब आपलेच आहे हे कुत्र्याला ओळखता येत नाही, म्हणून त्याला पुष्कळ दिवस कमी गुण मिळत आले. पण तो जगतो नाकावर. आरशाला वास नसतो. होरोविट्झ यांनी २०१७ साली वासाचाच आरसा केला. कुत्र्यापुढे त्याचेच मूत्र एकदा जसेच्या तसे आणि एकदा दुसरा वास मिसळून ठेवले, तेव्हा बदललेला वास तो अधिक वेळ हुंगत राहिला. संध्याकाळी फिरायला नेलेला कुत्रा प्रत्येक खांबाशी थबकतो आणि आपण घाईने साखळी ओढतो. त्या खांबापाशी कोण येऊन गेले, केव्हा गेले, नर होता की मादी, याची खबर तो घेत असतो. घराकडे परतताना दोन मिनिटे जास्त लागली तरी त्याला ती घेऊ द्यावी.