कच्च्या केळीची पेज : बालकाच्या अन्नप्राशनात तिचे स्थान

काही वर्षांपूर्वी आठ महिन्यांच्या एका बालकाला घेऊन त्याची आई चिकित्सालयात आली. बालकाला काही दिवसांपासून द्रवमलप्रवृत्ती होती. जलसंजीवनी सुरू होतीच. तिच्या जोडीला मी चिठ्ठीत 'कच्च्या केळीच्या पिठाची पेज' असे लिहून दिले. मल बांधला गेला, आई समाधानाने घरी गेली. दोन महिन्यांनी तेच बालक पुन्हा आले ते निस्तेज, चिडचिडे आणि पांडुतेची स्पष्ट लक्षणे घेऊन. चौकशीत कळले की, गुण आला म्हणून घरी तीच पेज पातळ करून दिवसातून चार वेळा दिली जात होती. डाळ, भाजी, तूप यांपैकी काहीच सुरू झाले नव्हते. दोष त्या माउलीचा नव्हता. किती, कशाबरोबर आणि किती दिवस, हे माझ्या चिठ्ठीत नव्हते. प्रस्तुत लेखाचे प्रयोजन हेच आहे.

परंपरा आणि शास्त्र

कच्च्या केळीची पेज हा मूळचा केरळचा बालाहार होय. तेथे 'कुन्नन' जातीची, काही घरी 'नेंद्रन' जातीची, पूर्ण भरलेली परंतु न पिकलेली केळी वाळवून दळतात व त्या पिठाची आटवलेली दाट पेज, म्हणजे 'कुरुक्कु', बालकाला भरवतात. आपल्याकडे नेंद्रनला जवळची ठरावी अशी कोकणातील राजेळी केळी. वसईची सुकेळी याच केळ्यांची होतात.

काश्यपसंहितेत सहाव्या महिन्यात फलप्राशन व दहाव्या महिन्यात अन्नप्राशन सांगितले आहे. सुश्रुताचार्यांनी सहाव्या महिन्यात लघु व हितकर अन्न द्यावे असे म्हटले आहे. आजचा बालरोगशास्त्रीय संकेतही सहा महिने पूर्ण झाल्यावर पूरक आहार व त्यासोबत स्तन्यपान असाच आहे. मात्र भावप्रकाशकारांनी केळीचे फळ गुरू, शीत, विष्टंभी व कफकर सांगितले आहे, हे विसरून चालणार नाही. संस्काराने गुरुत्व कमी होते, हा आपला सिद्धांत येथे उपयोगी पडतो. कच्च्या केळीतील पिष्टाचा मोठा भाग न शिजवता पचत नाही. पाण्यात नीट शिजल्यावर तो फुलतो व पचनास सुलभ होतो. म्हणून कच्चे पीठ कोमट पाण्यात कालवून देणे सर्वथा अयोग्य.

अतिसारातील उपयोगालाही आधार आहे. ढाका येथे ५ ते १२ महिन्यांच्या, दीर्घकाळ अतिसार असलेल्या ६२ बालकांवर झालेला अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. तांदळाच्या आहारात शिजवलेली हिरवी केळी दिलेली बालके केवळ तांदळाच्या आहारावरील बालकांपेक्षा लवकर बरी झाली. त्या अभ्यासात केळी ताजी शिजवलेली होती, बाजारातील पीठ नव्हते, एवढे भान ठेवावे. जलसंजीवनी व जस्त यांना हा पर्याय नव्हे.

निर्मिती

पूर्ण भरलेली, हिरवी, डाग नसलेली केळी धुऊन घ्यावीत. हाताला तेल लावून साल काढावी, म्हणजे चीक लागत नाही. पातळ चकत्या करून थोडा वेळ ताकाच्या पाण्यात ठेवल्यास त्या काळवंडत नाहीत. स्वच्छ वस्त्राखाली कडक उन्हात, मोडताना कट्कन आवाज होईपर्यंत वाळवाव्यात. ओल राहिल्यास बुरशी धरते. असे पीठ संशय येताच टाकून द्यावे. दळून वस्त्रगाळ करावे आणि कोरड्या, घट्ट झाकणाच्या बरणीत थोडेच ठेवावे. एक किलो केळ्यांपासून साधारणतः २०० ते २५० ग्रॅम पीठ मिळते.

पेजेसाठी १० ग्रॅम पीठ थोड्या थंड पाण्यात गुठळ्या न होता कालवावे, एकूण १५० मिलिलिटर पाणी घालून मंद अग्नीवर सात-आठ मिनिटे ढवळत शिजवावे. चमचा तिरका केला असता पेज ओघळू नये इतकी दाट हवी. ती वाटी-चमच्याने भरवावी, बाटलीने नव्हे.

पथ्यापथ्य

१० ग्रॅम पिठातून सुमारे ३५ किलोकॅलरी मिळतात. प्रथिने व लोह अत्यल्प. सहा ते आठ महिन्यांच्या बालकाला स्तन्याव्यतिरिक्त दिवसाला सुमारे २०० किलोकॅलरी लागतात. म्हणून पेजेत अर्धा चमचा तूप व भाजलेल्या मूगडाळीचे पीठ एकत्र शिजवावे. पेज दिवसातून एकदाच. उरलेल्या वेळी डाळ-तांदळाचे खिमट, भाज्या, फळे आणि ज्यांच्या घरी चालते त्यांनी अंडे द्यावे. प्रथम एक-दोन चमचेच देऊन तीन दिवस पाहावे. मलावष्टंभ किंवा कफप्रधान कास असल्यास थांबावे.

दुधाविषयी प्रश्न विचारला जातो. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात दुधाशी विरुद्ध असणाऱ्या द्रव्यांत मोचाचा उल्लेख आहे. पेज पाण्यात शिजवावी, म्हणजे प्रश्नच उरत नाही. साखर-गूळ टाळावा.

मधाबाबत मात्र स्पष्ट बोलले पाहिजे. अष्टांगहृदयातील स्तन्य सोडवलेल्या शिशूच्या मोदकात मध आहे, हे आपण जाणतो. तथापि मधात क्लोस्ट्रिडियम बोट्युलिनम या जंतूची बीजे असू शकतात. वर्षाच्या आतील बालकाच्या आतड्यात ती रुजून पक्षाघात करणारे विष निर्माण करतात. घरगुती उकळण्याने ती मरत नाहीत. एक वर्ष पूर्ण होण्यापूर्वी मध अनुपान म्हणूनही देऊ नये.

औषधविक्रेत्यांसाठी

शिशुआहार व दूधबाटल्यांविषयीचा १९९२ चा केंद्रीय कायदा २००३ मध्ये अधिक कडक झाला. सहा महिन्यांनंतर दोन वर्षांपर्यंतच्या बालकांसाठी स्तन्याला पूरक म्हणून विकला जाणारा कोणताही पदार्थ, मग त्याचे नाव काहीही असो, त्याच्या कक्षेत येतो. त्याची जाहिरात निषिद्ध आहे. फलक लावण्याची बंदी औषधविक्रेते, खासगी चिकित्सक व त्यांच्या संघटनांनाही लागू आहे. तेव्हा 'बाळाचे संपूर्ण अन्न' अशी पाटी दुकानात लावणे शास्त्राला धरून नाही आणि कायद्यालाही नाही. पीठ विकताना उत्पादनाची तारीख, घटक व परवाना क्रमांक पाहावा. साखर मिसळलेले पीठ ठेवू नये.

माझ्या चिठ्ठीत आता चार ओळी असतात : किती, कसे शिजवावे, कशाबरोबर, केव्हा थांबवावे. त्या लिहिण्यास एक मिनिटही लागत नाही. आपणही त्या लिहाव्यात, ही विनंती.