आजचा शब्द : इनेक्सरबल

कितीही विनवण्या करा, जे थांबतच नाही ते इनेक्सरबल! मूळ लॅटिन: ‘इन’ म्हणजे नाही, ‘एक्सोरारे’ म्हणजे विनवून मन वळवणं. बोलताना जोर ‘नेक्’वर द्यायचा.

वापर: काळ, म्हातारपण, चढता पूर. ‘रिलेंटलेस’ माणसाच्या चिकाटीलाही चालतो. हा शब्द मात्र बहुतेकदा आपल्या हाताबाहेरच्या गोष्टींसाठी.

आपल्या जिल्ह्यातलं उदाहरण: नळदुर्गची बोरी नदी. भर पावसाळ्यात किल्ल्यातल्या बंधाऱ्याच्या नर-मादी सांडव्यांवरून पाणी धो धो कोसळतं. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, १६१३ साली, बंधाऱ्याच्या पोटातच पाणीमहाल बांधला. बांधणाऱ्यांनी पाणी अडवलं, तशी त्याला वाटही दिली.

वाक्य: ‘द रिव्हर्स इनेक्सरबल राइज.’ आता तुम्ही एक वाक्य करा, शब्द कायमचा लक्षात राहील.