उत्तर ध्रुवाकडील धूर कोणाचा ?

ज्या मुलखांत वस्ती तुरळक व कारखाने विरळा, त्या उत्तर ध्रुवप्रदेशाच्या आकाशांत धूर कोठून येतो, हें आज पाहावयाचें आहे.

१९५० नंतरच्या कांहीं वर्षांत आर्क्टिकवरून उडणाऱ्या वैमानिकांना तपकिरी धुरकें दिसूं लागलें. मरे मिचेल या अमेरिकन हवामानशास्त्रज्ञानें त्याचें वर्णन केलें. पुढें १९७० नंतरच्या दशकांत त्याचें पृथक्करण झालें, तेव्हां त्यांत गंधकाम्लाचे सूक्ष्म कण, काजळी व धातूंचे अंश आढळले. धातूंच्या परस्पर प्रमाणावरून माग काढतां बराचसा धूर युरोपांतील व तत्कालीन सोव्हिएत मुलखांतील कारखान्यांचा ठरला.

तो इतका दूर जातो कसा ? तापलेली हवा वर चढते, हा शाळेंतला धडा आपणांस आठवत असेल. ध्रुवाकडे हिवाळ्यांत सूर्यच उगवत नाहीं. थंड, जड हवा तळाशीं बसते व वर उबदार हवेचें झांकण पडतें. आपल्याकडे थंडीच्या पहांटे चुलींचा धूर गांवावर आडवा तरंगतो, तोच प्रकार तेथें महिनोगणती चालतो. या थंड हवेच्या घुमटाची कड हिवाळ्यांत युरोप-सायबेरियाच्या औद्योगिक मुलखापर्यंत उतरते. म्हणजे तेथील चिमण्या घुमटाच्या आंतच धूर सोडतात आणि वारे तो उत्तरेस नेतात. हवा धुऊन काढणारा पाऊस वा हिम त्या काळांत फार थोडें. म्हणून कण आठवडेच्या आठवडे टिकतात. उन्हाळ्यांत घुमट आकसला व पाऊस आला म्हणजे आकाश निवळतें.

काजळी बर्फावर बसली कीं बर्फ अधिक ऊन शोषून लवकर वितळतें. याहून गंभीर गोष्ट पी. सी. बी. सारख्या रसायनांची. तीं उष्ण प्रदेशांत वाफ होऊन उडतात, थंडींत खालीं उतरतात व मजल दरमजल उत्तरेस पोंचतात. तेथें माशांच्या, मग सीलच्या चरबींत तीं सांठतात. १९८० नंतरच्या दशकाच्या अखेरीस उत्तर क्वेबेकमधील इन्युइट मातांच्या दुधांत तीं दक्षिणेकडील मातांच्या कितीतरी पट आढळलीं. हीं रसायनें त्या मातांनीं बनविलीं नव्हतीं.

२००१ सालच्या स्टॉकहोम करारानें अशा रसायनांवर बंधनें घातलीं. युरोपनें गंधकाचा धूर आवरला, १९९१ नंतर सोव्हिएत कारखाने मंदावले, आणि ध्रुवावरील गंधकाचे कणहि घटले. चिमणी उंच केल्यानें धूर केवळ आपल्या डोळ्यांआड होतो. दुसऱ्याच्या ताटांत तो जाऊं नये, तर तो उगमापाशींच आवरला पाहिजे.