भाजलेल्या जखमेला कोलॅजेनचा मांडव



आमच्या गटातल्या एका ताईंच्या हातावर उकळती आमटी सांडली. दवाखान्यात जखम धुऊन त्यावर कागदासारखा पातळ पापुद्रा लावला. तिसऱ्या दिवशी तो वाळून कडक झाला. सासूबाईंना वाटलं, खपली धरली. त्यांनी पाण्याने भिजवून तो ओढून काढला. खाली येत असलेली नाजूक कातडी सोबत निघाली आणि जखम महिनाभर चिघळली. सासूबाईंनी मायेनेच केलं. पण तो पापुद्रा काय होता, हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं.

तो होता कोलॅजेनचा. कोलॅजेन म्हणजे आपल्या कातडीला आणि हाडांना बळकटी देणारं चिवट प्रथिन. पायाचं सूप रात्रभर ठेवलं की सकाळी थिजतं ना? उकळताना त्यात उतरलेल्या कोलॅजेनमुळेच ते थिजतं. दवाखान्यातलं कोलॅजेन बहुधा जनावरांच्या कातडीतून किंवा माशांपासून काढून शुद्ध केलेलं असतं. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेतही यावर काम झालं आहे.

वरवर भाजलं असेल तर हा पापुद्रा जखमेला चिकटून तिला झाकतो. खाली कातडी भरत आली की कडेकडेने आपोआप सुटतो.

खोल भाजलं तर काम अवघड होतं. कारल्याच्या वेलाला मांडव नसला तर तो जमिनीवरच गुंता करतो. तसंच, आधार नसला की शरीर जखम घाईने आवळून घेतं. मग जाड व्रण राहतो, बोटं आखडतात, मान वळत नाही. अशा वेळी कोलॅजेनची बारीक छिद्रांची जाळी मांडवासारखी उपयोगी पडते. पेशी तिच्यात शिरतात, नव्या रक्तवाहिन्या येतात. पेशी स्वतःचं कोलॅजेन विणतात आणि आधीची जाळी हळूहळू विरून जाते.

अमेरिकेत बॉस्टनला डॉक्टर जॉन बर्क आणि संशोधक इओआनिस यानास यांनी अशी जाळी तयार केली. गाईचं कोलॅजेन, शार्क माशाच्या कूर्चेतला एक पदार्थ आणि वरून सिलिकॉनचा पातळ थर. खूप भाजलेल्या १० रुग्णांवरचा अनुभव त्यांनी १९८१ साली प्रसिद्ध केला. दोन-तीन आठवड्यांनी सिलिकॉन काढून रुग्णाच्याच अंगावरची अगदी पातळ कातडी तिथे लावतात. एवढं करूनही त्या जागी केस आणि घाम येत नाही. म्हणजे ही जादू नाही, पण हात पुन्हा कामाला लागू शकतो.

आता आपण काय लक्षात ठेवायचं?

भाजल्याबरोबर २० मिनिटं साध्या वाहत्या पाण्याखाली धरा. बर्फ, टूथपेस्ट, शाई, हळद काही लावू नका. बांगड्या, अंगठ्या लगेच काढा.

पापुद्रा लावला असेल तर तो भिजवू नका, ओढू नका. सुटलेली कडा कापायची का, हे दवाखान्यात विचारा. पू, घाण वास, वाढती दुखणी किंवा ताप असेल तर वाट न बघता दवाखाना गाठा.

आणि घरी निघण्याआधी डॉक्टरांना धीटपणे विचारा : "हे काय लावलंय? आपोआप सुटेल की तुम्ही काढणार? कशापासून केलंय?" मासे किंवा कुठलं औषध बाधत असेल, तर तेही आधीच सांगा.

जखम आपली आहे, मैत्रिणींनो. विचारायला लाजू नका.