जयंतीच्या रोषणाईचा कंट्रोलर बॉक्स आपणच बांधूया

१४ एप्रिलच्या रोषणाईत वर्गणीतले बरेच पैसे भाड्यात जातात. संगणकावर चालणाऱ्या दिव्यांचा कंट्रोलर बॉक्स मात्र वस्तीतल्या मुलामुलींना स्वतः बांधता येतो, आणि तो दरवर्षी वापरता येतो.

आत मुख्य वस्तू तीन: ईएसपी३२ बोर्ड, ५ व्होल्टचा पॉवर सप्लाय आणि फ्यूज. बोर्डावर डब्ल्यूएलईडी हे मोफत सॉफ्टवेअर टाकले की मोबाइलवरून रंग बदलता येतात. दिवे गाण्याच्या तालावर चालवायचे असतील, तर संगणकावर एक्सलाइट्स वापरा. तेही मोफत आहे.

आधी हिशोब करा. ५ व्होल्टचा एक पिक्सेल पूर्ण पांढरा पेटला तर सुमारे ६० मिलीअँपियर वीज घेतो. म्हणजे १०० पिक्सेलना ६ अँपियर. त्यासाठी १० अँपियरचा सप्लाय घ्यावा. माळेच्या शेवटी पांढरा रंग तांबूस दिसला, तर तिथे व्होल्टेज कमी पडते; त्या टोकालाही सप्लायची तार जोडा.

आता सगळ्यात महत्त्वाचे. धोका ५ व्होल्टच्या माळेत नाही, सप्लायला येणाऱ्या २३० व्होल्टमध्ये आहे. ती जोडणी परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या. अर्थिंग आणि ३० मिलीअँपियरची आरसीसीबी हवीच. बॉक्स पाणी न शिरणारा असावा, तारा खालून आत घ्याव्यात. आकडा टाकू नका. महावितरणकडून तात्पुरते कनेक्शन घ्या.

भाड्याचे वाचलेले पैसे अभ्यासिकेला द्यावेत, असे आम्हाला वाटते. पण त्याआधी आरसीसीबी घ्या. जयंतीला आपल्या एकाही पोराला शॉक लागता कामा नये.